सिद्धेश्वरच्या कालव्यावरचा गहू

आज १७ सप्टेंबर. १९४८ साली निजामी राजवटीतून मराठवाडा मुक्त झाला तो हा दिवस. याच दिवशी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रब्बीचा शेतकरी मेळावा भरतो आणि बियाण्यांची विक्री सुरू होते. मुक्तिदिनाला पेरणीची जोड देणारी ही प्रथा आम्हाला मोलाची वाटते. पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या लाभक्षेत्रातला शेतकरी तिथे जातो तो एकच गोष्ट विचारायला: यंदा गहू कोणता पेरू?

उत्तरे कमी नाहीत. निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे वाण आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६२२२ आहे. आणि घराघरांत अजून लोकवनच आहे. तांबेऱ्याला तो सहज बळी पडतो, पण टपोऱ्या दाण्यासाठी आणि मऊ पोळीसाठी लोक त्याला सोडत नाहीत. आम्हाला त्यात चूक दिसत नाही. खायचे ज्याला आहे, त्याची निवडही धरलीच पाहिजे.

नवा वाण शिफारशीपर्यंत पोहोचतो तो कसोटी लागूनच. कर्नालच्या गहू संशोधन संस्थेच्या समन्वयाने देशभर चाचण्या होतात. त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक द्वीपकल्पीय विभागात मोडतात. तुल्य, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या वाणाशेजारी नवे वाण लावायचे, वाफे पुन्हापुन्हा मांडायचे, अनेक ठिकाणी आणि एकाहून अधिक हंगाम तपासायचे, ही पद्धत चोख आहे. पण शेतकऱ्याच्या कानावर येते ती बहुधा विभागाची सरासरी, आणि थंडी काही सरासरीने पडत नाही. निफाडचा गारठा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. इकडे मराठवाड्यात फेब्रुवारी सरता सरता ऊन चढते आणि चिकात असलेला दाणा आक्रसतो. २०२२ च्या मार्चमधल्या उष्णतेने उत्तरेतल्या गव्हाचीही हीच गत केली. त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्राला गहू निर्यात थांबवावी लागली.

बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे कृषी विद्यापीठांची शिफारसच सांगते. आता कालव्यावरचे वास्तव पाहा. सोयाबीन निघाले तरी शेजारच्या वावरात कापूस उभा असतो, आवर्तनाची तारीख आपल्या हाती नसते, चारीच्या टोकाला पाणी शेवटी पोहोचते. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, गव्हाला पाणी लागतेच. तेच चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढच्या पाळ्यांनी ती तूट भरून निघत नाही. म्हणून इथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तम पाण्यावर पहिला आलेला वाण दुय्यम. डिसेंबरात पेरून दोन-तीन पाण्यांत कोणता तग धरतो, हे त्याला कळले पाहिजे.

विद्यापीठ आणि तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांना आमची विनंती आहे. सिद्धेश्वरच्या कालव्यावर, चारीच्या तोंडाला आणि टोकाला, शेतकऱ्यांच्याच वावरात वाणांची तुलना दरवर्षी व्हावी. लोकवन तुल्य वाण म्हणून शेजारी असावा. वेळेवरची आणि उशिराची पेरणी वेगळी मोजावी. उताऱ्यासोबत पोळीही तपासावी. निकाल गावनिहाय, मराठीत, पुढच्या १७ सप्टेंबरच्या आत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आणि शेतकऱ्यांनीही या चाचणीसाठी आपला एकेक वाफा द्यावा.