शेतीचा खेळ घरच्यांसोबत पाहावा काय?

शहरातल्या मुलींना खेड्यात आणायचे, शेण उचलायला, गाईचे दूध काढायला लावायचे आणि शेवटपर्यंत टिकेल ती विजेती! असा 'जाऊ बाई गावात' हा कार्यक्रम झी मराठीने डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात दाखविला. सूत्रधार हार्दिक जोशी, गाव सातारा जिल्ह्यातील बावधन, विजेती रमशा फारुकी. घुग्घुसमध्ये आम्हांला विचारणा झाली, 'वकीलसाहेब, पोराबाळांसोबत बघायला हरकत नाही ना?'

कायद्याने पाहिले तर हरकत नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतील नियम ६ अश्लीलतेला आणि स्त्रियांच्या अप्रतिष्ठेला मनाई करतो. मुलांना अयोग्य ते मुले पाहतात त्या वेळी दाखवू नये, असेही बजावतो. इंटरनेटवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी वयाची खूण सक्तीची केली आहे. त्यांच्या परिशिष्टात भेदभाव हा निकष आहे आणि तेथे जात हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. पण जात दाखविलीच नाही, तर खूण कशाला लावणार?

सवाल तिथेच आहे. आम्ही पाहिलेल्या भागांत गाव होते, गोठा होता, चूल होती. मजुरी नव्हती, सावकार नव्हता, गावकुसाबाहेरची वस्ती नव्हती. खेड्याच्या याच गोड चित्राला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत उभे राहून नकार दिला होता. पंचाहत्तर वर्षांनी तेच चित्र नवे रंग देऊन आमच्या दिवाणखान्यात टांगले जाते.

शहरची मुलगी शेणात हात घालताना नाक मुरडते आणि घरातली पोरे खदाखदा हसतात. बाजूला बसलेली आजी हसत नाही. तिने उभा जन्म दुसऱ्याचा गोठा साफ केला, गोवऱ्या थापल्या. ते काम करून ती कोणत्याही स्पर्धेत पुढच्या फेरीत गेली नाही. ते नाकारायची सोयही तिला नव्हती. मेलेली ढोरे ओढणार नाही, एवढे म्हटल्याबद्दल आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीने मार खाल्ला, बहिष्कार सोसला. नातवाला हा इतिहास ठाऊक नसेल तर त्याचे हसू निरागस कसे म्हणावे? ते त्याच्याच आजीवर आहे.

त्या मुलींना आम्ही दोष देत नाही. त्या राबल्या, हे खरेच. पण परीक्षा बाईचीच, आणि तीही चूल-शेणाची, हे खटकते. २०२५ मध्ये त्याच वाहिनीने 'चल भावा सिटीत' आणले. तिथे गावचे तरुण शहरात नेले. त्यांना कोणी सारवायला लावले नाही.

उलट उदाहरण परदेशातले. २०२१ पासून अ‍ॅमेझॉन प्राइमवर जेरेमी क्लार्कसन या श्रीमंत इंग्रजाचा 'क्लार्कसन्स फार्म' चालू आहे. जमीन सुमारे हजार एकर. तोंडात शिव्या, म्हणून लहान मुलांना तो दाखवू नये हे आम्हांला मान्य. पण तिथे शेतावर काम करणारा पोरगा मालकाला तोंडावर झापतो, आणि पहिल्या वर्षाअखेर सल्लागार कागद पुढे करून नफा सांगतो : १४४ पौंड! हजार एकरवाल्याची ही गत, तर दोन एकरवाल्याचे काय? हे तो शिवराळ कार्यक्रम दाखवितो. आमचा सोज्वळ कार्यक्रम हिशोबाची वहीच उघडत नाही.

इथल्या वावरात कोळशाची भुकटी कापसावर बसते. १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याखाली जमीन गेली की मोबदला सातबारा पाहून ठरतो. त्या वावरात वीस वर्षे निंदण केलेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या बाईची नात आज टीव्हीसमोर बसली आहे.

आमचे मत विचाराल तर दहा-बारा वर्षांवरच्या मुलांना हा कार्यक्रम दाखवा, पण आजीला शेजारी बसवून. मध्येच आवाज बंद करून तिला विचारा की दिवसाला काय मिळायचे. सहा-सात वर्षांच्या मुलांना दाखवू नका. त्या वयात कामाची किळस लवकर चिकटते.

आणि वाहिनीला नवे पर्व काढायचेच असेल तर दिवाळीनंतर घुग्घुसला यावे. स्पर्धकांनी बायांसोबत पऱ्हाटीत उतरावे, कापूस किलोच्या भावाने वेचावा, आणि शेवटच्या भागात प्रत्येकीच्या हाती किती रुपये पडले ते पडद्यावर लिहावे.