धोका निम्मा झाला, पण कशाच्या निम्मा?



पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो. समजा, बीजप्रक्रिया केलेल्या शंभरांपैकी १० दाणे कुजले आणि न केलेल्यांपैकी २०. दहाला विसाने भागले की उत्तर येते अर्धा. म्हणजे कुजण्याचा धोका निम्म्यावर आला. आरोग्याच्या अभ्यासात यालाच सापेक्ष धोका म्हणतात. उत्तर एक आले तर दोन्ही गट सारखे. एकाहून कमी आले तर धोका घटला, जास्त आले तर वाढला.

आता माणसांचा हिशेब पाहू. १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या निरोगी स्त्रिया घेतल्या आणि गावांचे ५२ समूह केले. कोणत्या समूहाला कोणती तपासणी, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. नवे वाण मुद्दाम कसदार जमिनीत लावले तर तुलना खोटी ठरते, तसेच हे.

एचपीव्ही या विषाणूची एकवार तपासणी देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी आठ वर्षांत ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न दिलेल्या ३१,४८८ पैकी ६४ दगावल्या. गट लहानमोठे आहेत, म्हणून एकरी उतारा काढतो तसा आधी हजारी दर काढावा. तो येतो सुमारे १ आणि सुमारे २. म्हणजे धोका निम्म्यावर आला.

पण याचा अर्थ शंभरातल्या पन्नास वाचल्या असा नव्हे. हजारात दोघींऐवजी एक गेली, म्हणजे एक वाचली. हे थोडे वाटेल, पण लाखामागे ते शंभर जीव होतात, आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यात या वयाच्या स्त्रिया लाखांनी आहेत.

म्हणून 'धोका दुप्पट' असे वाचले की विचारा, कशाच्या दुप्पट? लाखात एकाचे दोन झाले, की शंभरात दहाचे वीस? पहिल्याने झोप उडवून घेऊ नका, दुसऱ्याकडे काणाडोळा करू नका.

घरातील तिशीपुढच्या भगिनींनी प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासणीची चौकशी करावी. पाळी गेल्यावर किंवा मध्येच रक्तस्राव झाला तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नये. दुखणे अंगावर न काढता लगेच डॉक्टरांना दाखवावे.