तीन मिलीलिटर

परळच्या टाटा मेमोरियलचं नाव गेल्या काही वर्षांत कार-टी या कर्करोगावरच्या पेशी-उपचारामुळे गाजलं, आणि ते गाजायलाच हवं होतं. आयआयटी मुंबईबरोबर घडवलेल्या ‘नेक्सकार19’ला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. रक्ताचा कर्करोग उलटलेल्या रुग्णासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण 2025 मध्ये याच परळमधून आलेल्या एका औषधाबद्दल मला आज आग्रहाने लिहायचंय. नाव प्रीव्हॉल. आतलं रसायन जुनंच, 1953 पासून वापरात असलेलं 6-मर्कॅप्टोप्युरिन. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियात मुख्य केमो आटोपल्यावरही ते दीड-दोन वर्षं घरी रोज द्यावं लागतं. गोळी 50 मिलिग्रॅमची. तीन वर्षांच्या पोराला लागतात साधारण 30. अर्धी दिली तर कमी, पाऊण दिली तर जास्त. मग दादरच्या धर्मशाळेत आई ब्लेडने गोळी कापते, चुरा कागदावर सांडतो, उरलेलं पाण्यात कालवून पाजावं तर त्यातलं बरंचसं पोर थुंकून टाकतं. डोस सतत कमी पडला तर आजार उलटण्याची भीती. जास्त झाला तर पांढऱ्या पेशी घसरतात आणि साधा तापही जिवावर बेततो.

टाटा, त्यांचंच खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि बंगळुरूची आयडीआरएस लॅब्ज यांनी हेच औषध पातळ स्वरूपात आणलं. एका मिलीलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम, सोबत सिरिंज. तीन मिलीलिटर ओढायचं आणि तोंडात सोडायचं. आपल्याकडच्या काही मुलांना एनयूडीटी15 या जनुकातल्या फरकामुळे नेहमीची मात्रा झेपत नाही. त्यांचा डोस आता थेंबाथेंबाने उतरवता येतो.

माझ्या लेखी हे संशोधन कार-टीइतकंच मोलाचं आहे. म्हणूनच ही बाटली जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीवर फुकट मिळाली पाहिजे. बीडच्या बापाला तिच्यासाठी रात्रीची एसटी धरून परळ गाठावं लागू नये. आणि चिठ्ठीवर डोस मिलीलिटरमध्येच, ठळक अक्षरात लिहावा, सिरिंजवरची खूणही घरच्यांना पेनाने करून द्यावी. नुसता 30 आकडा वाचून कुणी सिरिंज भरली, तर पोराच्या पोटात दहापट औषध जाईल.