घरची तंगी मुलांच्या मनात किती वर्षं राहते?

‘सर, पोरगा रात्र-रात्र जागतो, कामावर टिकत नाही, कुणाशी बोलत नाही. जरा समजवा.’ आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी सांगत होती. मोहल्ल्यात याला कुणी आळस म्हणतं, कुणी नजर. आम्हाला तो सहावीच्या वर्गातला आठवला. अब्बांचा लूम बंद, घरभाडं थकलेलं, आणि हा मागच्या बाकावर डोकं टेकून.

लहानपणीच्या तंगीचा आणि आजच्या या हालतीचा संबंध आहे का? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १९९३पासून १,४२० मुलांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यात चेरोकी आदिवासींची मुलंही होती. १९९६मध्ये त्यांच्या भागात कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा दर सहा महिन्यांनी चेरोकी लोकांना, कुठलीही अट न घालता, मिळू लागला. (पैसा जुगाराचा, त्याचं समर्थन आम्ही करत नाही. पाहायचं ते पुढचं.) या पैशाने जी घरं गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांची मारामारी, बेशिस्त कमी झाली. उदासी आणि भीती मात्र तेवढ्याने हटली नाही. फरक कशाने पडला? आई-वडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला फुरसत मिळाली, हे मोठं कारण निघालं.

२०१०मध्ये याच मुलांचे तरुणपणीचे निष्कर्ष आले. पैसे सुरू झाले तेव्हा जी सगळ्यात लहान, साधारण १२ वर्षांची होती, त्यांच्यात २१व्या वर्षी मानसिक आजार आणि नशा मोठ्या मुलांपेक्षा कमी होती. चौदा-सोळाव्या वर्षी मिळालेल्या मदतीचा तेवढा असर झाला नाही.

आता आपल्याकडे बघू. रमजानमध्ये राशन किट वाटतो, ईदनंतर महिनाभरात ते संपतं. त्यापेक्षा लहान मुलं असलेल्या गरजू घराला जकातीतून दरमहा ठरावीक रक्कम का देऊ नये? हप्त्याने देण्याचा मसला उलमांना विचारून घ्यावा.

त्या मुलाला आम्ही १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर दिला. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. ‘सर, मी वेडा झालोय का?’ त्याने विचारलं. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाताना असं विचारतोस का, एवढंच आम्ही म्हणालो. फोन त्याने आमच्यासमोरच लावला.

त्याचा धाकटा भाऊ ११ वर्षांचा आहे, आमच्याच वर्गात. यंदाच्या जकातीच्या यादीत त्या घराचं नाव आहे का, ते मशिदीच्या कमिटीला या जुम्म्याला विचारणार आहोत.