शनीला लागली गळती!

माझी साडेसाती टळावी म्हणून आई दर शनिवारी मारुतीला तेल वाहते. तिला म्हटलं, अगं, शनीचीच साडेसाती चालू आहे! त्याच्या कड्यांतून चक्क पाऊस पडतोय. सूर्यप्रकाशाने बर्फाच्या कणांवर विद्युतभार येतो आणि ते चुंबकीय रेषांवरून घसरत थेट वरच्या वातावरणात. तिथले इलेक्ट्रॉन कमी होतात. २०११मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीला त्या पट्ट्यांची वेगळी चमक दिसली. २०१८चा अंदाज? अर्ध्या तासात एक ऑलिंपिक स्विमिंग पूल! त्याआधी, २०१७मध्ये, कॅसिनी यान ग्रह आणि कड्यांच्या फटीतून बावीसदा गेलं. त्याला मिथेन, अमोनियाही पडताना सापडले. या हिशोबाने कडी दहा कोटी वर्षंसुद्धा टिकणार नाहीत.

आई म्हणाली, "तोवर तुझं लग्न होईल ना?"