मूत्रपिंड जपा : दुखण्याची वाट पाहू नका



घरातल्या कर्त्या माणसाला डॉक्टर 'आता डायलिसिस करावे लागेल' असे सांगतात, तेव्हा सारे घर हादरते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून पडून राहावे लागते. त्या दिवसांचा रोज बुडतो, सोबत जाणाऱ्याचाही बुडतो. केंद्र लांब असेल तर एस.टी.चे भाडे वेगळेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून सुरू आहे. गरजूंनी त्यांचा लाभ जरूर घ्यावा. पण बुडालेला रोज कोण भरून देणार? म्हणून ही वेळ येऊच नये, निदान लवकर येऊ नये, यासाठी घरच्या घरी काय करता येईल ते आज पाहू.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांजवळ, एकेक मूत्रपिंड असते. आकार साधारण मुठीएवढा. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले कामाचे पाणी आणि क्षार रक्तात परत घेतात आणि उरलेला दीड-दोन लिटर मैला लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तदाब सांभाळणे, नवे रक्त तयार होण्यास मदत करणे, हाडे बळकट ठेवणे ही कामेही त्यांचीच. म्हणूनच मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की अंगातले रक्तही कमी होते.

एवढे काम करणारा हा अवयव बिघडला तरी तक्रार करीत नाही. निम्मे काम थांबले तरी माणसाला पत्ता नसतो. पायांवर सूज, भूक मरणे, मळमळ, अंगाला खाज, चालताना धाप ही लक्षणे दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. 'मला कुठे काय दुखतंय? मग तपासायचं कशाला?' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मूत्रपिंडाच्या बाबतीत हेच म्हणणे घात करते.

तपासणी कोणी आणि कोणती करावी?

मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणे आहेत. ज्यांना यांपैकी एक जरी दुखणे आहे, ज्यांच्या घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार झाला आहे, किंवा ज्यांना वारंवार मुतखडा होतो, त्यांनी वर्षातून एकदा दोन तपासण्या कराव्यात. एक, रक्तातील क्रिएटिनिन. दुसरी, लघवीतील अल्ब्युमिन, म्हणजे लघवीवाटे प्रथिन जाते का ते पाहणे. दुसरी तपासणी बहुतेकजण टाळतात. पण बिघाडाची पहिली खूण पुष्कळदा लघवीतच सापडते, तेव्हा क्रिएटिनिन अजून ठीक असते. क्रिएटिनिनवरून डॉक्टर गाळण्याचा वेग काढतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर दीर्घकालीन आजार समजतात.

बिघाड लवकर कळला तर आज उपाय आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडालाही जपतात. मधुमेहावरचे डापाग्लिफ्लोझिन हे औषध मूत्रपिंडाची झीज मंदावते असे आढळले आहे. भारतात त्याचे पेटंट संपल्यावर ते बरेच स्वस्तही झाले. मात्र ते कोणाला द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आणि सुरू असलेली रक्तदाबाची गोळी 'आता बरे वाटते' म्हणून मनाने बंद करू नये.

मेडिकलवाल्याची गोळी

दिवसभर ओझी वाहून, वाफे खुरपून किंवा उभ्याने काम करून संध्याकाळी अंग ठणकते. मग मेडिकलमधून एक गोळी आणायची, गिळायची आणि झोपायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. एखाद्या वेळी घेतली तर धडधाकट माणसाला सहसा बाधत नाही. पण महिनोन्‌महिने रोज घेणे, किंवा उन्हात घाम गाळून, जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटलेले असताना घेणे धोक्याचे. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी व वयस्करांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. ताप-अंगदुखीला ठरल्या प्रमाणात पॅरासिटामॉल मूत्रपिंडाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित. गुडघे रोजच दुखत असतील तर दुखण्याचे कारण शोधावे. रोज गोळी घेणे म्हणजे दुखणे अंगावर काढण्याचाच एक प्रकार आहे.

मीठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे. त्यात सगळ्या दिवसाचे मीठ आले. आमटीतले, भाकरीतले, ठेच्यातले, लोणच्या-पापडातले, सुकट-बोंबलातले आणि फरसाणातलेही. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो आणि त्याचा मार मूत्रपिंडावर बसतो. ताटात वरून मीठ वाढण्याची पद्धत बंद करावी. सुके मासे करायचे तर आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. लिंबू, लसूण, कोथिंबीर, चिंच यांनी चव राखता येते. सैंधव मीठही मीठच आहे. 'कमी सोडियम'चे मीठ मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. त्यातले पोटॅशियम त्याला घातक ठरू शकते.

पाणी, आणि ते पिऊ न शकणाऱ्या भगिनी

पाणी किती प्यावे? लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके. उन्हात काम करणाऱ्याला अर्थातच जास्त लागते. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत मधुमेह किंवा रक्तदाब नसलेले तरुण ऊसतोड कामगार मूत्रपिंड निकामी होऊन दगावू लागले. कडक उन्हातले जीवतोड काम आणि अंगातले पाणी आटणे हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. तिथे कामगारांसाठी 'पाणी, विश्रांती, सावली' असा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी, वीटभट्टीवर आणि रस्त्याच्या कामावर राबणाऱ्यांनीही या तीन गोष्टी मुकादमाकडे हक्काने मागाव्यात.

स्त्रियांची अडचण आणखी निराळी. कामाच्या ठिकाणी मुतारी नाही, असली तर दार नाही, पाणी नाही. म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही आणि लघवी तुंबवून धरते. यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो. तो अंगावर काढला तर वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे अशी लक्षणे असतील तर लाजू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदरपणात तर हयगय नकोच. बायकांसाठी स्वच्छ मुतारी असावी ही मागणी त्यांच्या एकट्यांची नाही, सगळ्या घराने करायची आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष अधिक. जी आई, जी बायको वेळ आल्यावर आपले मूत्रपिंड काढून देते, तिची स्वतःची तपासणी घरात कोणी कधी केली आहे का?

आणखी थोडे

तंबाखू, मिसरी, विडी सोडावी. घटक न लिहिलेली पुडीतली भस्मे व चूर्णे घेऊ नयेत. काहींमध्ये शिसे, पारा यांसारखे जड धातू आढळले आहेत. गोरे करणाऱ्या क्रीमचा मोहही नको. केरळमधील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात पारायुक्त क्रीम लावल्याने मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण नोंदवले आहेत. आपल्या रंगात काही कमी नाही. त्यासाठी मूत्रपिंड पणाला लावण्याचे कारण नाही.

लहान मुलांची खरूज चिघळली किंवा घसा पिकला तर उपचार पूर्ण करावेत. त्यानंतर काही आठवड्यांत मुलाचा चेहरा सुजला, लघवी कमी किंवा काळ्या चहासारखी झाली, तर लगेच रुग्णालयात न्यावे.

नेहमीची शंका

'जास्त पाणी प्यायले की मूत्रपिंड धुऊन निघते ना?' असे पुष्कळजण विचारतात. मुतखडा होणाऱ्याला भरपूर पाणी खरोखर उपयोगी. पण बिघडलेले मूत्रपिंड पाण्याने दुरुस्त होत नाही. सूज असलेल्या, डायलिसिसवरच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला जादा पाणी उलट अपाय करते. त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढेच प्यावे.

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात एक काम करा. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असलेले कोण कोण आहेत ते मोजा, आणि त्यांची लघवीची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारा. 'कधीच नाही' असे उत्तर आले तर येत्या सुट्टीची वाट न पाहता त्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आशाताईंना विचारले तर कुठे, कधी जायचे ते त्या सांगतील. आणि जाताना घरातल्या आईलाही सोबत न्या.