सोप्यावरच्या गोष्टी : एक एकर

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाद झाला. त्याचें कारण ऐकून पुष्कळ वाचकांस हसूं येईल. कारण तो शेताच्या बांधाचा नव्हता, कीं कोणाच्या सोयरिकीचा नव्हता. तो होता खेळांविषयीं. परंतु त्यावर एका मुलाच्या आयुष्याची दिशा अवलंबून असल्यामुळें आम्हीं सर्वांनीं तो गंभीरपणें केला, आणि त्यांतून जें निष्पन्न झालें तें या सदराच्या वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा पुण्यास चित्रकला शिकून नुकताच पदवीधर झाला. पडद्यावर खेळावयाचे जे खेळ, ज्यांस सर्व जग व्हिडिओ गेम म्हणतें, त्यांचीं चित्रें काढणें हा त्याचा व्यवसाय व्हावयाचा. त्याला एकाच आठवड्यांत दोन बोलावणीं आलीं. एक मोठ्या परदेशी कंपनीचें : पगार भरपूर, काम मात्र जुन्या गाजलेल्या खेळांच्या पुढील भागांचें. दुसरें त्याच्याच चार मित्रांचें : त्यांनीं दोन खोल्या भाड्यानें घेतल्या असून त्यांस स्वतःच्या कल्पनेचा नवा खेळ रचावयाचा आहे, पगाराच्या जागीं तूर्त आशा. मुलगा सल्ला विचारण्यास सांगोल्यास आला आणि रात्रीचीं जेवणें उरकल्यावर सारी मंडळी सोप्यावर जमली.

वहिनींचें मत सरळ होतें. "मोठ्या घरचा आश्रय सोडून चार पोरांच्या खोलींत जाऊन बसावयाचें, हें मला तर समजत नाहीं," असें त्या म्हणाल्या. मुलगा नम्रपणें परंतु ठाम बोलला. "आई, मोठ्या घरांत शिकावयास पुष्कळ मिळेल हें मला कबूल आहे. पण त्या धंद्यांतील जुनीं घरें आतां नवें कांहीं करावयास धजत नाहींत, असें खेळणारे सर्वच म्हणतात. दुसऱ्याच्या जुन्या चित्रास नवा रंग देण्यांत मी जन्म काढूं काय?" तेव्हां अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "तूं वाचणारा माणूस. हें खरें आहे, कीं पोरांची कुरकुर आहे, तें शोधून सांग. मग काय तें ठरवूं."

त्यानंतरचे पंधरा दिवस मीं वाचण्यांत घालविले आणि, सांगावयास संकोच वाटतो, पण थोडे खेळण्यांतहि घालविले. माझी पुतणी या कामीं माझी गुरु झाली. नमुन्यादाखल मीं एकच जुनें घर घेतलें, तें युबिसॉफ्टचें. मुलाला बोलावणारी कंपनी ती नव्हे, हें आधींच सांगून ठेवतों.

युबिसॉफ्टची हकीकत आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांतील माणसांस परकी वाटणार नाहीं. फ्रान्सच्या पश्चिमेस ब्रिटनी नांवाचा प्रांत आहे. तेथील गियमो कुटुंब शेतकऱ्यांस लागणारा माल विकण्याचा धंदा करीत असे. त्या घरच्या पांच भावांनीं प्रथम संगणक व त्यांवरील खेळ टपालानें विकून पाहिले, आणि १९८६ सालीं ही कंपनी काढली. १९९५ सालीं मिशेल आन्सेल या त्यांच्या कलावंतानें 'रेमन' हा नायक निर्माण केला; त्याचे हातपाय धडाला जोडलेलेच नाहींत, तरी तो खुशाल धांवतो आणि उड्या मारतो. २००३ सालीं 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ आला. त्यांत राजपुत्राचा पाय चुकला तर काळ मागें फिरवून ती चूक दुरुस्त करतां येते. ही कल्पना त्या वेळीं कोणास सुचली असेल तर केवळ स्वप्नांत.

याहून बोधप्रद गोष्ट पुढें घडली. त्याच राजपुत्राचा पुढील भाग रचण्यास मंडळी बसली असतां, राजपुत्राच्या रक्षणास नेमलेला मारेकरी हाच कथेंत मोठा होऊं लागला, आणि अखेर राजपुत्र बाजूस राहून २००७ सालीं 'असॅसिन्स क्रीड' हा निराळाच खेळ जन्मास आला. तात्पर्य, पुढील भाग लिहिणें हें सदैव नक्कल करणेंच असतें असें नाहीं. घरानें मोकळीक दिली तर जुन्या कुडींतून नवा जीव निघतो.

मग तक्रार कशाची? ती मला पुतणीनें दाखविली. या मारेकऱ्याच्या खेळांत उंच बुरुजावर चढलें म्हणजे भोंवतालचा नकाशा उघडतो. पहिल्यानें तें करतांना मलाहि मौज वाटली. परंतु हीच युक्ति त्या घरानें २०१२ सालच्या 'फार क्राय ३' मध्यें बेटावरील मनोऱ्यांच्या रूपानें आणली, आणि इतरत्रहि ती फिरूनफिरून आली. पुतणी म्हणाली, "काका, देश बदलतो, कपडे बदलतात, पण बुरूज तोच." मारेकऱ्याचे खेळ तर दरवर्षीं निघूं लागले. २०१४ सालचा खेळ दोषांनीं भरलेला निघाला, आणि पुढच्याच्या विक्रीवरहि त्याची छाया पडली. तेव्हां घरानें शहाणपणा केला : २०१६ सालीं मुख्य खेळ काढलाच नाहीं. शेतकरी जमीन पडीक टाकतो तसें झालें, आणि २०१७ सालीं प्राचीन मिसर देशावर बेतलेला जो खेळ आला, त्यानें लोकांचें मन पुन्हा जिंकलें. म्हणजे विश्रांतीचें मोल या घरास ठाऊक नव्हतें असें कोणी म्हणूं नये.

आतां पुण्याकडे वळूं. पांच भावांपैकीं मिशेल यांनीं काढलेली गेमलॉफ्ट नांवाची दुसरी कंपनी होती. तिचा पुण्यांतील स्टुडिओ २००८ सालीं युबिसॉफ्टनें घेतला. एका भावाच्या ओसरीवरून बिऱ्हाड दुसऱ्याच्या ओसरीवर गेलें, इतकेंच. २०१८ सालीं मुंबईसहि शाखा निघाली. सप्टेंबर २०२० मध्यें जाहीर झालें कीं २००३ सालच्या त्या राजपुत्राचा जीर्णोद्धार पुणें व मुंबई येथील मंडळी करणार. आपल्या मुलांस एवढें मानाचें काम मिळालें म्हणून पुष्कळांस अभिमान वाटला. परंतु नमुना पाहतांच चित्रें जुनाट दिसतात अशी टीका झाली. खेळ जानेवारी २०२१ मध्यें यावयाचा, तो लांबला, पुन्हा लांबला, मे २०२२ मध्यें काम मॉन्ट्रियलकडे गेलें, आणि जानेवारी २०२६ मध्यें कंपनीनें आपली घडी नव्यानें बसविली तेव्हां सहा खेळ रद्द केले, त्यांत हाहि गेला. मूळ खेळांत काळ मागें फिरवितां येत होता. तो खेळ पुन्हा घडवूं पाहणारांची गेलेलीं वर्षें मात्र कोणास परत फिरवितां आलीं नाहींत.

याच्या शेजारीं दुसरी घटना ठेवून पाहावी. जानेवारी २०२४ मध्यें फ्रान्समधील मोंपेलिये येथील त्यांच्याच शाखेनें 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' हा नवा खेळ काढला. जाणत्यांनीं त्याची मनापासून वाखाणणी केली. कल्पना, रेखन, खेळण्यांतील गति, कशांतच उणें नव्हतें. परंतु विक्री अपेक्षेएवढी झाली नाहीं, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत कळलें कीं ती तुकडी मोडून माणसें इतर कामांवर लाविलीं आहेत. एवढें वाचल्यावर अण्णांच्या प्रश्नाचें उत्तर मला सांपडलें असें वाटलें. या घरांतील कलावंतांची हौस जिवंत आहे. आटला आहे तो घराचा धीर. नवें रोप लावावयाचें, परंतु पहिल्याच हंगामांत त्यानें तीस वर्षांच्या आंब्याइतकें फळ द्यावें अशी अपेक्षा धरावयाची, आणि न दिल्यास उपटावयाचें, ही रीत पडली म्हणजे माळ्यांनीं रोपें लावणें सोडून दिलें तर दोष कोणाचा?

दुसरी बाजूहि सांगणें न्यायाचें आहे. अशा घरावर हजारों संसार चालतात. मोठ्या खेळास शेंकडों माणसें वर्षानुवर्षें राबतात, आणि एक खेळ बुडाला तर त्याचा फटका ज्यांनीं त्यांतील एक रेघहि ओढली नाहीं त्यांस बसतो. मार्च २०२५ मध्यें कंपनीनें आपल्या तीन मोठ्या खेळमालांसाठीं निराळी कंपनी काढण्याचें जाहीर केलें आणि तींत चिनी टेन्सेंटकडून १.१६ अब्ज युरो घेऊन सुमारें चतुर्थांश हिस्सा देऊं केला. घर सांवरण्यासाठीं ज्यांस भागीदार आणावा लागतो, त्यांस "धाडस करा" म्हणणें सोप्यावर बसून सोपें आहे.

पण धाडस आणि संसार हीं एका घरांत नांदूं शकतात, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. १९२९ सालीं कोल्हापुरांत पांच भागीदारांनीं प्रभात फिल्म कंपनी काढली व १९३३ सालीं ती पुण्यास आली. १९३६ सालचा तिचा 'संत तुकाराम' घरोघर पोंचला, आणि त्याच वळणाचे पुढील संतपट निघाले. त्यांत गैर कांहींच नव्हतें. लोकांस तें हवें होतें. परंतु त्याच छपराखालीं १९३७ सालीं 'कुंकू' निघाला. वृद्ध वकिलाशीं लग्न लावून दिलेल्या तरुणीनें तें मानण्यास नकार दिला, ही कथा त्या काळच्या पांढरपेशा घरांस गोड वाटण्यासारखी नव्हती. १९३९ सालीं 'माणूस' आला, १९४१ सालीं 'शेजारी'. पुढें १९४२ सालीं शांताराम बाहेर पडले, आणि कांहीं वर्षांनीं कंपनीहि मिटली. तिच्या जागेवर १९६० पासून चित्रपटांचें शिक्षण देणारी संस्था उभी आहे. प्रभातचे चित्रपट आज आठवतात तेव्हां 'तुकाराम' आणि 'कुंकू' हीं दोन्ही नांवें एका श्वासांत येतात, हें लक्षांत घ्यावें.

हें सारें मीं सोप्यावर सांगितलें. अण्णा बराच वेळ स्वस्थ होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनीं सगळा मळा भगवा केला."

परगांवच्या वाचकांसाठीं खुलासा करतों. आमच्या तालुक्यांत पाऊस बेताचा, जमीन हलकी. डाळिंब मात्र उत्तम येतें. आमच्या मळ्यांत पूर्वीं थोडी ज्वारी, थोडीं बोरें, थोडीं 'गणेश' जातीचीं डाळिंबें असत. पुढें 'भगवा' ही जात आली : रंगानें तेजस्वी, सालीनें जाड, लांबच्या बाजारापर्यंत टिकणारी. अण्णांनीं सारी जमीन त्याखालीं घातली, आणि चांगलीं वर्षें फार चांगलीं गेलीं. मग फळांवर तेल्या आला, झाडांस मर लागली, शेवटीं खोडाला टांचणीएवढीं भोंकें पाडणारा किडा आला, आणि २०२१ सालीं निम्मी बाग आम्हीं आमच्या हातांनीं उपटून जाळली.

"भगव्याला मी दोष देणार नाहीं," अण्णा म्हणाले. "या घराचीं लग्नें आणि शिक्षणें त्यानेंच केलीं. माझी चूक एवढीच, कीं नव्या झाडासाठीं मीं एक एकरहि मोकळा ठेवला नाहीं. आतां ठेवतों. शेवगा लावला, पेरू लावला, सीताफळ लावलें. त्याचा हिशेब वेगळ्या वहींत असतो, आणि ती वही मी भगव्याच्या वहीशेजारीं ठेवीत नाहीं. ठेवली कीं उपटावयास हात शिवशिवतात."

मित्रांच्या खोलीविषयीं मीं आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्यांतच नॉडिंग हेड्स गेम्स या लहान मंडळीनें 'राजी' नांवाचा खेळ केला. भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी दुर्गेच्या कृपेनें असुरांशीं झुंजते अशी त्याची कथा. २०१७ सालीं त्यासाठीं लोकवर्गणी जमविण्याचा यत्न फसला, तरी २०२० सालीं खेळ जगभर विक्रीस आला. यावरून प्रत्येक खोलींतून 'राजी' निघेल असें मी म्हणत नाहीं. बहुतेक खोल्यांतून कांहींच निघत नाहीं, आणि हेंहि मीं मुलास स्पष्ट सांगितलें.

अण्णांनीं निर्णय दिला. मुलानें दोन वर्षें मित्रांबरोबर काढावीं. त्याचें भाडें व जेवण त्या एका एकराच्या वहींतून जाईल. दोन वर्षांनीं कांहीं न निघाल्यास त्यानें नोकरी शोधावी, आणि "आम्हीं सांगितलें होतें" हें वाक्य या घरांत कोणीं उच्चारूं नये. वहिनींनीं दर दिवाळीस हिशेब दाखविण्याची अट घातली, ती मुलानें मान्य केली.

तेव्हां इतका वेळ गप्प बसलेला थोरला मुलगा, जो सोलापुरास बँकेंत आहे, शांतपणें म्हणाला, "अण्णा, माझ्या वेळीं असा एकर नव्हता." त्याचा गळा गोड, बाग जळाली त्या वर्षीं त्यानें गाण्याची शिकवणी सोडून नोकरी धरली, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. अण्णांपाशीं त्यावर उत्तर नव्हतें. कोणापाशींच नव्हतें. मोठ्या घराची घडी ज्यांच्या खांद्यांवर टिकते, त्यांचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा, हा प्रश्न ब्रिटनीच्या पांच भावांसहि पडला असेल, आणि तो आमच्या सोप्यावर तसाच राहिला आहे.

दुसऱ्या दिवशीं पहांटे धाकट्याला एस. टी. स्थानकावर पोंचवावयास थोरलाच गेला. परत आल्यावर त्यानें वहिनींस सांगितलें कीं खोलीच्या अनामतीची रक्कम आपण देऊन टाकली आहे, ती एकराच्या वहींत लिहूं नये.